निलंबूरच्या सागाखाली

प्रवासवर्णनाच्या आरंभी आपण प्रवासाला का निघालो हे सांगण्याची रीत आहे. कोणी तीर्थयात्रेला निघतो, कोणी हवापालटासाठी, कोणी केवळ हौसेने. मी केरळातील निलंबूरला गेलो तो एका पोस्टकार्डामुळे. आणि ते पोस्टकार्ड माझ्याकडे आले ते माझ्याच एका चुकीमुळे. तेव्हा वाचकहो, आधी चुकीची कबुली देतो आणि मग आपल्याला आगगाडीत बसवतो.

काही वर्षांपूर्वी वनसंपत्तीवरील एक लेख मराठीत उतरविण्याचे काम माझ्याकडे आले होते. अंक छापखान्यात जाण्याची वेळ भरत आली होती, आणि मूळ इंग्रजी लेखात ‘प्लँटेशन’ हा शब्द पावलोपावली येत होता. कुठे ‘लागवड’, कुठे ‘मळा’ असे करीत बसण्यापेक्षा मी सरसकट ‘वन’ हा शब्द योजला. शब्द सुटसुटीत होता, कानाला गोड होता आणि ओळीत जागाही कमी घेत होता. त्यामुळे एका ठिकाणी असे वाक्य तयार झाले की, प्रकल्पासाठी जेवढे वन तोडावे लागले त्याच्या दुप्पट क्षेत्रावर नवे वन लावण्यात आले आहे. मला त्यात काही वावगे दिसले नाही. मुद्रिते तपासणाऱ्यांनाही दिसले नाही.

दिसले ते कुडाळकडच्या एका वृद्ध वाचकांना. अंक निघाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्यांचे पोस्टकार्ड आले. अक्षर जुन्या वळणाचे, टाकाने लिहिल्यासारखे. वरच्या कोपऱ्यात ‘स. न. वि. वि.’, आणि खाली फक्त दोन वाक्ये: आपण लावलेल्या वनात पहिल्या पावसानंतर कोणकोणत्या रानभाज्या निघतात त्यांची नावे कृपया छापावीत. आमच्या राईत सोळा निघतात.

त्या पत्राला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. मी ते कार्ड टेबलावरच्या काचेखाली ठेवून दिले. कामाच्या कागदांखाली ते झाकले जाई आणि आठवड्यातून एकदा तरी पुन्हा वर येई. वास्तविक या बाबतीत मराठी भाषेला शब्दांची वाण नाही. वन, रान, जंगल, राई, देवराई, बन, मळा, लागवड. कोकणातले शाळकरी पोरही यांतला भेद जाणते. केवड्याचे बन असते, सुपारीची बाग असते, देवाची राई असते. मी मात्र या सर्वांना एकाच वेष्टनात गुंडाळले होते.

पुढे कोझिकोडे येथे अनुवादकांच्या एका कार्यशाळेला जाण्याचा योग आला. तेथे मल्याळम भाषेत अनुवाद करणारे एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवल्यामुळे सर्वजण त्यांना ‘माष’, म्हणजे मास्तर, म्हणत. आमचे संभाषण हिंदीतच होई. त्यांची हिंदी माझ्याहून शुद्ध होती हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. मी त्यांना पोस्टकार्डाची हकिगत सांगितली. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, “आपण परवा माझ्याबरोबर निलंबूरला चला. माणसाने साग लावायला प्रथम जेथे शिकून घेतले ते ठिकाण तेच. तेथे पाहा, आणि मग ठरवा काय लिहायचे ते.”

शोरनूर हे मोठे जंक्शन आहे. तेथून निलंबूरकडे जाणारा सुमारे ६६ किलोमीटरांचा एकेरी लोहमार्ग सुटतो. १९२७ साली तो सुरू झाला, तो मुख्यतः निलंबूरच्या डोंगरातील लाकूड बाहेर आणण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची निकड भासली तेव्हा त्याचे रूळ उखडून नेण्यात आले, आणि स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या सुमारास, ते पुन्हा घालण्यात आले. वाटेतील स्थानके लहान आहेत. फलाटावर वडाची आणि सागाची झाडे आहेत, आणि भाद्रपदात गाडी त्यांच्या सावलीतून जाते तेव्हा डब्यात हिरवट अंधार पडतो. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेलेच तर मोटारीपेक्षा या गाडीनेच जावे, अशी माझी शिफारस आहे.

माष अंगाडिप्पुरम येथे गाडीत चढले. ते त्यांचे गाव. कोकणातील वाचकांना या गावाविषयी आपुलकी वाटायला हरकत नाही, कारण आपल्या जांभ्या दगडाला ‘लॅटराइट’ हे जे शास्त्रीय नाव आहे, ते १८०७ साली फ्रान्सिस ब्यूकॅनन याने याच गावचा दगड पाहून दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. मलबारातही लोक जांभ्याचे चिरे विटांसारखे कापून घरे बांधतात. तांबडी माती, कौलारू घरे, अंगणात माड आणि मिरवेल, दारात भिजणारी मुले. माझ्यासारख्या मालवणला आजोळ असलेल्या माणसाला परदेशी आल्याची भावना होण्यासारखे तेथे काहीच नव्हते. फक्त पाट्या वाचता येत नव्हत्या.

सागाच्या नावातही असाच घरोबा आहे. मराठी ‘साग’ हा संस्कृत ‘शाक’ या शब्दापासून आला. मल्याळममध्ये त्याला ‘तेक्क्’ म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचे ‘तेका’ केले आणि इंग्रजांनी ‘टीक’. आज सारे जग ज्या नावाने या लाकडाला ओळखते ते मलबारच्या किनाऱ्यावरून उचललेले आहे.

या लाकडाला एवढी किंमत का आली हे समजून घेतल्यावाचून निलंबूरची कथा कळणार नाही. सागाच्या लाकडात एक नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि पाण्यात ते लवकर कुजत नाही. शिवाय इंग्लंडच्या ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागात तसे होत नाही. लढाऊ गलबतांच्या काळात हा गुण म्हणजे सोन्याची खाण होती. १७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागाची जी जहाजे बांधली त्यांचा लौकिक इंग्लंडपर्यंत पोहोचला. १८१३ साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर पुढे १८४२ साली इंग्रज आणि चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज तर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप तरंगते आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले त्याचे लाकूड मलबारचे आहे.

आरमारासाठी झाड तोडताना विचार करावा, ही जाणीव आपल्याकडे त्यापूर्वीही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सागासारखी झाडे परवानगीने तोडावी आणि आंबा-फणसांना मालकाच्या संमतीवाचून हात लावू नये, अशा आशयाचे मार्गदर्शन आहे. कंपनी सरकारपाशी असा विचार नव्हता. १८०६ साली कॅप्टन वॉटसन याला मलबारात ‘कॉन्झर्व्हेटर’ म्हणून नेमण्यात आले. या पदाचा मराठी अर्थ ‘वनसंरक्षक’. पण त्याचे खरे काम आरमाराला लाकूड मिळवून देण्याचे आणि त्या व्यापाराची मक्तेदारी सरकारच्या हाती ठेवण्याचे होते. जमीनमालक, व्यापारी आणि सरपणासाठी रानात जाणारे गोरगरीब, सर्वांच्याच तक्रारी वाढल्या आणि १८२३ साली थॉमस मन्रोच्या कारकिर्दीत ते पद रद्द झाले. शब्द एक आणि वस्तू दुसरी, हा घोळ घालणारा मी पहिला नव्हतो हे वाचून मला थोडा धीर आला, हे कबूल करतो.

पद रद्द झाले तरी कुऱ्हाड थांबली नव्हती. नद्यांच्या काठचा, ओंडके पाण्यात सोडायला सोयीचा असा मोठा साग हळूहळू संपत गेला. १८४० साली एच. व्ही. कॉनोली हा मलबारचा कलेक्टर झाला. त्याने वरिष्ठांपुढे असा विचार मांडला की, जे आयते मिळत होते ते आता संपत आले आहे, तेव्हा पुढच्या पिढ्यांसाठी साग मुद्दाम लावावा लागेल. चालियार नदीच्या काठी जमिनी मिळविण्यात आल्या आणि १८४२ पासून प्रयत्न सुरू झाले.

पण सागाचे बी रुजेना.

आपण सागाचे फळ हातात घेऊन पाहिले असेल. सुपारीहून लहान, वरून लोकरीसारखी लव आणि आत दगडासारखे कठीण कवच. रानात ते पडते, एका पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात तापते, पुन्हा भिजते, आणि मग कधीतरी त्यातून अंकुर बाहेर येतो. निसर्गाला घाई नसते, कलेक्टरला असते. कवच फोडून पाहिले, आच देऊन पाहिले, वैज्ञानिकांचे सल्ले मागवले. पहिल्या पावसाळ्यांतील पेरण्या जवळजवळ वाया गेल्या. हा प्रश्न ज्यांनी मार्गी लावला ते चात्तु मेनन नावाचे स्थानिक गृहस्थ. कॉनोलीने त्यांना उपवनसंरक्षक म्हणून नेमले. फळे पाण्यात भिजवायची, वाफ्यात पेरायची आणि वर गवताचे आच्छादन घालून ओल टिकवायची, अशी रीत बसली आणि रोपे उभी राहिली. मेनन यांनी पुढची जवळजवळ दोन दशके हेच काम केले. कॉनोलीची १८५५ साली कोझिकोडे येथे हत्या झाली. तेव्हा त्याच्या सागाला दहा-बारा वर्षेही झाली नव्हती. त्या झाडांची एक फळीही त्याने पाहिली नाही. खड्डे खणणाऱ्या आणि वाफ्यांवर पाणी घालणाऱ्या शेकडो हातांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत.

निलंबूर गावापासून चारेक किलोमीटरांवर, गूडलूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, केरळ वन संशोधन संस्थेने १९९५ साली सागाचे संग्रहालय उघडले आहे. कुटुंबासह जाणाऱ्यांनी तेथे अर्धा दिवस ठेवावा. दाराशीच एका वयात आलेल्या सागाची मुळे माती धुऊन उभी करून ठेवली आहेत. झाडाचा वरचा पसारा आपण नेहमी पाहतो. खालचा पाहिल्यावर माणूस क्षणभर बोलायचा थांबतो. आत ‘उरू’ नावाच्या लाकडी जहाजाची प्रतिकृती आहे. चालियारच्या मुखाशी बेपूर येथे अशी जहाजे पिढ्यानपिढ्या बांधली जात आली आहेत, आणि निलंबूरचे ओंडके नदीतून सोडून खाली कोझिकोडेजवळच्या कल्लाई येथील वखारींत नेले जात. एके काळी कल्लाई ही जगातील मोठ्या लाकूडपेठांपैकी एक होती.

संग्रहालयातील एका तक्त्यापाशी मी बराच वेळ उभा होतो. त्यात सागाच्या लागवडीचे चक्र दाखवले होते. ते आपल्याला माझ्या भाषेत सांगतो, कारण वनव्यवस्थापन म्हणजे काय याचा गाभा त्यात आहे. समजा, आपल्यापाशी साठ एकर जमीन आहे आणि साग तोडणीला यायला साठ वर्षे लागतात. दरवर्षी एक एकर तोडायचा आणि त्याच वर्षी तेथे नवी रोपे लावायची. एकसष्टाव्या वर्षी आपण पहिल्या एकरापाशी परत येतो, आणि तो पुन्हा तयार असतो. व्याज खायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही. आपल्या आज्या सोन्याच्या बाबतीत हेच सांगत आल्या. मधल्या काळात स्वस्थ बसायचे नसते. आरंभी हेक्टरी सुमारे अडीच हजार रोपे लावतात. ती वाढून एकमेकांचा प्रकाश अडवू लागली की विरळणी करतात. साग हा उन्हाचा भुकेला आहे, सावलीत तो खुरटतो. दर काही वर्षांनी विरळणी करीत करीत अखेरीस शे-दीडशेच झाडे उरतात. विरळणीत निघालेली वाशाएवढी लाकडेही वाया जात नाहीत.

हे गणित कागदावर मोहक आहे. ते माणसांनी पुष्कळदा मोडले, युद्धाच्या काळात तर सर्रास मोडले. पण ते पाळले गेले तेथे त्याचा लाभही झाला. घराच्या दारासाठी लागणारे लाकूड ओळीत लावलेल्या सागातून मिळाले, तर डोंगरावरच्या रानावरचा भार तेवढा हलका होतो. निलंबूरच्या लागवडीकडे मी याच आदराने पाहतो. पोस्टकार्डवाल्या आजोबांचा रोखही लागवडीवर नव्हता, माझ्या शब्दावर होता, हे मला तेथे उमजले.

दुपारी आम्ही सागाच्या एका तरुण लागवडीतून चाललो. झाडे शिस्तीच्या शाळेतील मुलांसारखी रांगेत उभी. माषांनी एक कोवळे पान तोडून माझ्या तळहातावर चोळले. हात कुंकवासारखा लाल झाला. मग त्यांनी वर पाहायला सांगितले. बऱ्याच पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, जणू जाळीची ओढणी पसरली होती. हा अळ्यांचा उद्योग. पावसाच्या आरंभी कोवळी पालवी फुटली की सागावर पाने खाणाऱ्या अळ्यांची धाड येते, पाने जाळीदार करणाऱ्या दुसऱ्या अळ्या नंतर येतात. झाड मरत नाही, नव्याने पालवते. पण त्यात त्याची शक्ती जाते. केरळ वन संशोधन संस्थेने याच भागात केलेल्या अभ्यासात तरुण सागाची जेवढी वाढ व्हावी त्यातील सुमारे ४४ टक्के या अळ्यांपायी बुडते असे दिसून आले. एकाच जातीची झाडे मैलोगणती लावली की त्या जातीवर जगणाऱ्या किड्यालाही मैलोगणती पंगत मांडल्यासारखे होते. त्याच जमिनीवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा साग लावला तर मातीचा कस आणि लाकडाचे उत्पादन टिकते का, हा प्रश्न तेथील वनशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे सतावतो आहे. सागाच्या रुंद पानांवरून गळणारे टपोरे थेंब उघड्या मातीवर आपटून ती सैल करतात, हेही आम्ही चालता चालता पाहिले. झाडांखाली जमीन पुष्कळ ठिकाणी उघडी होती.

“याला आमच्याकडे तोट्टम् म्हणतात,” माष म्हणाले. “तोट्टम् म्हणजे बाग. आणि ते काडु.” त्यांनी छत्रीचे टोक पूर्वेच्या निळ्या डोंगरांकडे केले.

त्या डोंगरांत न्यू अमरंबलमचे राखीव जंगल आहे. त्याचा काही भाग २०२० साली करिंपुळा अभयारण्य म्हणून घोषित झाला. पलीकडे सायलेंट व्हॅली. तेथील धरणाचा बेत लोकांच्या विरोधानंतर सोडून देण्यात आला आणि १९८४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. या रानात चोलनायकन लोक राहतात. त्यांची लोकसंख्या अवघी काही शेकडा आहे. खडकांच्या कपारींचा आसरा, मध, कंद आणि वनोपज हे त्यांचे जीवन. काट्टुनायकन, पणियन यांच्याही वस्त्या आसपास आहेत. निलंबूरच्या राजघराण्याकडे असलेली जंगले १९७१ च्या कायद्याने सरकारकडे आली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचा रानावरील हक्क मान्य झाला. कायदा आणि कपार यांच्यामधली वाट मात्र लांबची आहे.

याच डोंगरांतील बांबूची कथा सागाच्या गणिताच्या नेमकी उलट आहे. चालियारच्या खालच्या अंगाला मावूर येथे १९६३ साली रेयॉनच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला. त्याला निलंबूरच्या जंगलातील बांबू टनाला एक रुपया अशा नाममात्र दराने देण्याचा करार झालेला होता. जी वस्तू इतकी स्वस्त ती जपून कोण वापरणार? काही वर्षांतच बांबूची बेटे विरळ झाली, पुढे नैसर्गिक रान काढून निलगिरी लावण्यात आली, आणि नदीचे पाणी बिघडल्याबद्दल काठच्या लोकांनी दीर्घ लढा दिला. २००१ साली कारखाना बंद पडला, हजारो कामगारांचा रोजगार गेला. बांबूही गेला आणि भाकरीही गेली. व्याजाऐवजी मुद्दलच खाल्ले म्हणजे घराचे काय होते हे पाहायला दूर जायला नको.

तिसऱ्या प्रहरी आम्ही चालियारच्या काठी आलो. पलीकडे ‘कॉनोली प्लॉट’. पूर्वी तेथे झुलता पूल होता. २०१९ च्या महापुराने तो मोडला, म्हणून आम्ही नावेतून गेलो. पाणी ओसरले होते, तरी गढूळ होते. या नदीच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात आणि काठचे काही लोक ती वाळू चाळीत आले आहेत, हे मी वाचले होते. म्हणून नावाड्याला सहज विचारले की, अजून सोने मिळते का. माषांनी प्रश्नाचे भाषांतर केले. नावाडी वल्ही मारायचा थांबला.

तो जे बोलला ते माषांनी मला काठावर उतरल्यावर सांगितले. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वर वायनाडच्या डोंगरात मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गेली. त्या गावांतील अनेक माणसांचे मृतदेह चालियारने वाहून खाली निलंबूरच्या काठांना लावले. नावाडी शोध घेणाऱ्यांत होता. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने या पाण्यात जाळे टाकले नाही. त्याच्या पाच वर्षे आधी, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, निलंबूर तालुक्यातच कवलप्पारा येथे रबराची लागवड असलेला उतार कोसळून ५९ माणसे गेली होती. दोन्ही वेळी पाऊस भयंकर होता, हे खरेच. परंतु तीव्र उतारांवरचे मूळ रान जाऊन तेथे जमिनीचा वापर बदलला, त्यामुळे धोका वाढला, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. सोन्याविषयी मी पुन्हा विचारले नाही.

कॉनोली प्लॉट हा आता फक्त २.३१ हेक्टरांचा तुकडा आहे. मूळची लागवड याहून मोठी होती. दुसऱ्या महायुद्धात तिचा बराच भाग युद्धाच्या कामासाठी तोडला गेला आणि उरलेला एवढा कायमचा राखून ठेवण्यात आला. शंभराहून थोडी अधिक जुनी झाडे उरली आहेत. काही चाळीस मीटरांहून उंच आहेत. त्यांच्या बुंध्याशी उभे राहिले की फांद्या दिसेपर्यंत मान मोडून येते. ही मूळची ओळीतलीच झाडे. पण पावणेदोनशे वर्षांत ओळ पुसली गेली आहे. कोणी पडले, कोणी वठले, आणि मधल्या जागांत वेली, झुडपे, कोणीही न लावलेली झाडे शिरली आहेत. सागाच्या पायथ्याशी नेच्याची दाटी होती. कुठेतरी धनेश ओरडला. मी माषांना विचारले, “याला काय म्हणायचे? तोट्टम् की काडु?”

माषांनी बराच वेळ विचार केला. “लागवड म्हणूनच लिहा,” ते अखेर म्हणाले, “पण खाली तळटीप द्या.”

तळटीप देण्याचा अनुवादकाचा मोह आपण जाणताच. तेव्हा एक येथेच देऊन टाकतो. देशातील वनाची मोजणी करणाऱ्या २०२३ च्या सरकारी अहवालानुसार भारताच्या भूमीपैकी २१.७६ टक्के क्षेत्रावर वनाच्छादन आहे, आणि बाहेरची झाडे धरून हा आकडा २५.१७ टक्क्यांवर जातो. १९५२ च्या आणि १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत एक तृतीयांशाचे उद्दिष्ट सांगितले आहे. परंतु या मोजणीत, एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर वृक्षांची छाया दहा टक्के असली की ती जागा वनाच्छादनात धरली जाते. तेथे साग आहे की रबर, आंबा आहे की चोलनायकनांचे रान, हे त्या व्याख्येत विचारलेले नसते. उपग्रहाला वरून हिरवे दिसते. त्याला पोस्टकार्ड पाठवण्याची सोय नाही. केरळ सरकारने २०२१ साली मात्र असे धोरण स्वीकारले की, वनखात्याच्या ताब्यातील निलगिरी, अकेशिया यांसारख्या अपयशी लागवडी टप्प्याटप्प्याने काढून तेथे नैसर्गिक रान परत येऊ द्यावे. ते किती वर्षांचे काम आहे हे कॉनोली प्लॉटमध्ये उभे राहिल्यावर कळते.

परतताना रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचे एक ओळखीचे झुडूप दिसले. मी थांबलो. “हा टाकळा!” माष म्हणाले, “आमची तकरा!” पावसाळ्यात, कर्किडकम् महिन्यात, त्यांच्याकडे दहा पानांची भाजी करतात, तीत तकरेची कोवळी पाने असतात, आणि ‘ताळ्’ही असते. ‘ताळ्’ म्हणजे आपले रानअळू, कोकणातले तेरे. ते सागाच्या लागवडीत एका ओहोळाकाठी मी स्वतः पाहिले होते. मला भलताच आनंद झाला. शोरनूरला पुढच्या गाडीला दीड तास होता. मी एक कोरे कार्ड काढले, माफी मागितली, आणि कळवले की लावलेल्या सागात मला दोन भाज्या ओळखता आल्या, टाकळा व तेरे. आपल्या सोळांपुढे त्या काहीच नाहीत हे मान्य आहे, आणि यापुढे लागवडीला लागवडच लिहीन. कार्ड तेथल्याच टपालपेटीत टाकले.

महिन्याभराने उत्तर आले. या वेळी अक्षर निराळे होते, गोल आणि ठसठशीत. पत्र सूनबाईंचे होते. मामंजींना हल्ली दिसत नाही, त्यांनी लिहिले होते, पण आपले कार्ड त्यांना दोनदा वाचून दाखवले. माफीविषयी ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच कळवायला सांगितले आहे की, टाकळा हा रानातला नव्हे, उकिरड्याच्या आणि रस्त्याच्या कडेचा; तो मोजणीत धरू नये. तेव्हा आपली एकच झाली.